पोस्ट सुटतो कुठून? सीलर आणि फायबर पोस्टच्या चिकटण्याचा हिशेब

रूट कॅनाल झालेल्या पुढच्या दाताचा क्राउन वर्षभरात निघून आला आणि त्याच्यासोबत कोअर, म्हणजे क्राउनखालचा बांधलेला गाभा, व त्याला धरायला कॅनालमध्ये बसवलेली तंतूंची काडी, म्हणजे अख्खा फायबर पोस्टही बाहेर आला, तर तो लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. लूप्स (भिंगाचा चष्मा) लावून त्याच्याकडे नीट पाहा. पोस्टवर सिमेंटचा थर जसाच्या तसा आहे आणि त्या सिमेंटच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी रेघा किंवा पांढरट-पिवळसर पापुद्रा दिसतो, तर पोस्ट आणि सिमेंट यांनी आपलं काम चोख केलेलं आहे. गुलाबी म्हणजे गुट्टा पर्चा, कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ; पापुद्रा म्हणजे सीलर, त्याच्या आणि भिंतीच्या मधली लुकण. सिमेंट डेन्टिनला, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाला, चिकटलंच नव्हतं, ते सीलरला चिकटून बसलं होतं. उलट पोस्ट कोरा बाहेर आला आणि सिमेंट आतच राहिलं, तर चूक पोस्टच्या सफाईत किंवा सायलेनमध्ये (पोस्टला सिमेंट चिकटावं म्हणून लावायचा द्रव) शोधायची.

फायबर पोस्टच्या अपयशात दाताची मुळी तडकण्यापेक्षा पोस्ट सुटणंच जास्त दिसतं, आणि सुटतो तो बहुतेकदा डेन्टिनच्या बाजूने. म्हणून पोस्टचं काम ऑब्चुरेशनच्या, म्हणजे कॅनाल भरायच्या, दिवशी सुरू होतं. सीलर कोणता घेतला, कुठपर्यंत लावला आणि नंतर भिंतीवरून किती काढला, या तीन गोष्टींवर पुढचं बरंचसं ठरतं. नागपुरात मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगणा रोडवरच्या कॉलेजांत इंटर्नशिप संपवून नुकताच दवाखाना उघडलेल्यांनी हा क्रम एकदा डोक्यात बसवून घ्यावा.

कॅनाल ही चिकटवण्यासाठी वाईट जागा

दाताच्या वरच्या पोकळीत कंपोझिट भरताना आकसणाऱ्या रेझिनला सैल व्हायला मोकळा पृष्ठभाग मिळतो. कॅनालमध्ये सिमेंट चारही बाजूंनी भिंतीला बांधलेलं असतं. चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागाचं गुणोत्तर, म्हणजे सी-फॅक्टर, पोकळीत एक ते पाचच्या दरम्यान असतो. पोस्ट स्पेसमध्ये, म्हणजे पोस्टसाठी कॅनालमध्ये केलेल्या जागेत, तो हिशेबाने दोनशेच्याही वर जाऊ शकतो. आकसताना सिमेंट भिंत सोडायला बघतं. त्यात खाली प्रकाश पोचत नाही, ओलावा हाताबाहेर असतो आणि काय चाललंय ते दिसत नाही. मुळीच्या वरच्या तिसऱ्या भागात चिकटणं बरं असतं, खाली जाल तसं ते कमी होतं. इतक्या तंगीत भिंतीवर सीलरचा थर राहिला तर सिमेंटला पकड घ्यायला जागाच उरत नाही.

सीलर: कोण काय करतो

झिंक ऑक्साइड युजेनॉल, म्हणजे आपलं झेडओई. ग्रॉसमनच्या सूत्रावरचे सीलर, टब्ली-सील वगैरे याच घरातले. स्वस्त, सवयीचे, आणि दंतसाहित्याच्या डेपोत कधीही मिळणारे. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक तोच युजेनॉल. रसायन समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात, म्हणून इथे थोडं थांबू. रेझिन सिमेंट कडक होतं ते मुक्त रॅडिकलच्या साखळीने. युजेनॉल हा फिनॉल आहे. त्याच्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन तो रॅडिकलला देऊन टाकतो आणि साखळी तिथेच थांबते. भिंतीलगतचं सिमेंट अर्धकच्चं, मऊ राहतं. वरून पाहिलं तर सगळं घट्ट दिसतं, कारण कच्चा थर नेमका डेन्टिनला लागूनच असतो.

सीलर सेट झाला म्हणजे युजेनॉल संपला असं नाही. झिंक युजेनोलेट पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटित होतं आणि युजेनॉल पुन्हा सुटतो. तो डेन्टिनमध्ये झिरपतो, पण एकसारखा नाही: सीलरला लागून असलेल्या पृष्ठभागात त्याचं प्रमाण जास्त आणि आत जाल तसं झपाट्याने कमी. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. भिंतीचा पातळसा थर ड्रिलने खरवडला की दूषित डेन्टिनचा मोठा वाटा निघून जातो. झेडओईनंतर पोस्ट बसवून चांगले निकाल मिळाल्याचे आणि वाईट मिळाल्याचे, दोन्ही प्रकारचे प्रयोग वाचायला मिळतात, त्यामागचं एक कारण हेच: कुणी भिंत ताजी करून घेतली, कुणी नुसती धुतली.

इपॉक्सी रेझिन, म्हणजे एएच प्लस आणि त्याचे भाऊबंद. युजेनॉल नाही, त्यामुळे पॉलिमरायझेशनला थेट अडथळा नाही. पोस्ट ठरलेल्या दातासाठी नवख्याने डोळे मिटून घ्यावा असा हाच. पण तो हळू सेट होतो: कंपनीच्या माहितीनुसार काम करायला २३ अंशांला किमान चार तास आणि सेट व्हायला ३७ अंशांला किमान आठ तास. म्हणजे त्याच बैठकीत ड्रिल घातलात तर तो अजून मलमासारखा असतो, आणि ड्रिल त्याला काढण्याऐवजी भिंतीभर लोणी लावल्यासारखा पसरवतो. डेन्टिनच्या नलिकांतही तो चांगला शिरतो. नलिकांतला निघत नाही आणि काढायची गरजही नाही, भिंतीवरचा काढायचा.

बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचे सीलर. सिंगल कोनबरोबर, म्हणजे गुट्टा पर्चाच्या एकाच काडीबरोबर, वापरायला सोपे म्हणून गेल्या काही वर्षांत त्यांचा वापर फार वाढला. हे डेन्टिनमधल्या ओलाव्यावर सेट होतात आणि सेट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतात. पीएच अकराच्या वर जातो. युजेनॉल नसल्याने रॅडिकलची भानगड नाही. अडचण दुहेरी आहे. एक, सेट झाल्यावर ते भिंतीशी खनिजाच्या थराने जोडले जातात आणि स्पिरिट, क्लोरोफॉर्म, झायलीन यांनी विरघळत नाहीत. दोन, ते अल्कली आहेत. सेल्फ-अधेसिव्ह, म्हणजे वेगळं बाँडिंग न लागणारं, सिमेंट सुरुवातीला आम्लधर्मी असतं आणि त्या आम्लाच्या जोरावरच डेन्टिन किंचित कोरून आत शिरतं. भिंतीवर अल्कली बसलेली असेल तर ते आम्ल तिथेच खर्ची पडतं, डेन्टिनपर्यंत पोचतच नाही. शिवाय सिंगल कोन पद्धतीत कॅनाल जवळजवळ सीलरने भरलेला असतो, म्हणजे काढायचा ऐवजही जास्त.

सीलापेक्ससारखे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे आणि एमटीए फिलापेक्ससारखे सॅलिसिलेट रेझिनचे सीलर मधल्या जातीचे: युजेनॉल नाही, पण भिंतीवर राहिले तर अडथळा आहेच. रिअलसीलसारखे मेथाक्रिलेट सीलर आता फारसे कुणी वापरत नाही, त्यांच्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र सर्रास विसरली जाते. सीलर युजेनॉलविरहित घेतला आणि दोन बैठकींच्या मध्ये दात आयआरएम (युजेनॉलचंच तात्पुरतं भरण) किंवा साध्या झिंक ऑक्साइड युजेनॉलने बंद केला, तर युजेनॉल दुसऱ्या दाराने आत आला. पोस्ट स्पेस करून ठेवून वर झेडओई भरणं त्याहून वाईट, कारण ते थेट ताज्या डेन्टिनवर बसतं. अशा दाताला कॅव्हिटसारखं युजेनॉलविरहित भरण वापरा, आणि तात्पुरता क्राउन लावायचा तर त्याचं सिमेंटही नॉन-युजेनॉलच घ्या.

आज की नंतर?

गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून सकाळच्या गाडीने आलेला पेशंट म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आजच्या आजच करून द्या ना जी, पुन्हा येणं नाही होत." त्याचं म्हणणं रास्त आहे, आणि त्याला एक चांगलं उत्तरही आहे.

त्याच दिवशी पोस्ट बसवायचा असेल तर कॅनाल वरपर्यंत भरूच नका. मास्टर कोनच्या, म्हणजे गुट्टा पर्चाच्या मुख्य काडीच्या, फक्त टोकाकडच्या चार-पाच मिलिमीटरला इपॉक्सी सीलरचा पातळ लेप लावा, कोन बसवा, गरम प्लगरने (दाबायच्या दांडीने) वरचा गुट्टा पर्चा काढत खाली दाबून, म्हणजे डाउनपॅक करून, टोकाकडचे पाच मिलिमीटर ठेवा आणि तिथेच थांबा. बॅकफिल, म्हणजे वरचा भाग पुन्हा भरणं, नाही. जिथे पोस्ट बसायचा तिथे सीलर जवळजवळ गेलेलाच नसतो, मग काढायची वेळही कमी येते. वरच्या भिंतीवर जे थोडं लागलं असेल ते सेट होण्याआधीच इथाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या लांब मायक्रोब्रशने पुसून घ्या, तीन-चार ब्रश बदलून, शेवटचा ब्रश स्वच्छ निघेपर्यंत. गरम प्लगरने गुट्टा पर्चा काढल्याने टोकाचा सील बिघडत नाही. फिरत्या ड्रिलने कोन ओढला गेला तर बिघडतो.

झेडओई वापरला असेल तर त्याच दिवशी पोस्ट टाळा. कच्च्या सीलरमध्ये मोकळा युजेनॉल सर्वांत जास्त असतो. सीलर सेट होऊ द्या, आठवडाभराने बोलवा आणि भिंत ताजी करून मगच बसवा. बायोसिरॅमिकचंही असंच: काही तयार सिरिंजमधल्या सीलरचा सुरुवातीचा सेटिंग टाइम चार तासांच्या आसपास असतो, आणि कॅनाल फार कोरडा केला असेल तर तो लांबतो. दुसऱ्या दिवसापेक्षा आठवडा बरा.

दुसरीकडे पाच-सात वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेला दात आला आणि सीलर कोणता ते कुठे लिहिलेलं नाही, तर तो झेडओईच आहे असं धरून चाला. फार तर दहा मिनिटं जास्त जातील.

मोजमाप

ड्रिल हातात घेण्याआधी आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे, समोर ठेवा. टोकाला चार ते पाच मिलिमीटर गुट्टा पर्चा राहिलाच पाहिजे. चारच्या खाली गेलात तर टोकाचा सील धोक्यात येतो. उदाहरण घ्या: वरचा मधला दात हिरडीच्या वर दोन मिलिमीटरवर सपाट झालेला आहे आणि त्या कडेपासून वर्किंग लेंग्थ, म्हणजे टोकापर्यंतची कामाची लांबी, १५ मिलिमीटर आहे. पाच सोडले, म्हणजे पोस्ट स्पेस १० मिलिमीटर. पोस्टची लांबी निदान होणाऱ्या क्राउनच्या उंचीइतकी असावी. या दाताला ते बसतं. पोस्टची जाडी मुळीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

आणि फेरूल बघा. क्राउनच्या कडेच्या वर दाताचा दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि सुमारे एक मिलिमीटर जाड पट्टा चहूबाजूंनी मिळत नसेल, तर सीलर कितीही चांगला घ्या, पोस्ट सुटणारच. क्राउन प्रत्येक घासाला हलतो आणि तो हलका झोका वर्षानुवर्षं सिमेंटच्या थरावर पडतो. क्राउन लेंग्थनिंग (हिरडी उतरवणं) किंवा ऑर्थोडॉन्टिक एक्स्ट्रूजनचा (दात तारेने बाहेर ओढण्याचा) विचार तिथे पोस्टच्या आधी करायचा.

दाढांना पोस्ट लावायची घाई करू नका. पल्प चेंबरच पुष्कळदा कोअरला पुरेशी पकड देतो. नागपूर-विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड कमी उघडणारे पेशंट रोज येतात. तिथे मागच्या दाढेत पोस्टचा ड्रिल सरळ घालायलाच जागा नसते आणि लाइट क्युअरची दांडी तिरकी धरावी लागते. अशा तोंडात पोस्टचा हट्ट म्हणजे भगदाड पाडण्याची तयारी.

पोस्ट स्पेस करणं

रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावा. लाळेचा एक थेंब आत गेला तरी मागची सगळी सफाई पाण्यात.

गुट्टा पर्चा आधी उष्णतेने काढा. गरम प्लगर ठरलेल्या लांबीच्या दोन मिलिमीटर आधी थांबेल असा रबर स्टॉप लावा, दोन-तीन सेकंदांच्या छोट्या स्पर्शांत खाली जा. सॉल्व्हंट इथे नको. क्लोरोफॉर्म, झायलीन, संत्र्याचं तेल: तिघंही गुट्टा पर्चा आणि सीलरचा पातळ चिखल करून नलिकांत ढकलतात आणि बाँडिंग बिघडवतात.

मग पीझो रीमर, म्हणजे बोथट टोकाचा ड्रिल. क्रमांक एक ०.७० मिलिमीटर, दोन ०.९०, तीन १.१०. क्रमांक एकपासून सुरुवात, आणि बहुतेक पुढच्या दातांना तीनच्या पुढे जायची वेळ येत नाही. कमी वेग, हलका हात, आत-बाहेर, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद आणि मध्ये सलाइन. हाड ४७ अंशांपर्यंत एक मिनिट तापलं तरी इजा होते, असं संशोधनातून दिसलेलं आहे. कोरडा ड्रिल दाबून फिरवला तर मुळीच्या बाहेरचं तापमान तिकडे जायला वेळ लागत नाही. रीमर एका बाजूला ओढला जातोय असं वाटलं की थांबा आणि आरव्हीजी काढा.

शेवटी पोस्टच्या किटमधला, पोस्टच्याच मापाचा ड्रिल, एकदाच, पूर्ण लांबीपर्यंत. याचं दुसरं काम म्हणजे भिंत ताजी करणं, दूषित डेन्टिनचा पातळ थर उतरवणं. पण हा ड्रिल गोल असतो आणि कॅनाल पुष्कळदा गोल नसतो. खालचे प्रीमोलर, सुळे, खालच्या दाढेची डिस्टल मुळी: इथे कॅनाल गालाकडून जिभेकडे लांबट असतो. गोल ड्रिल मधोमध फिरतो आणि दोन्ही टोकांच्या फटींत गुट्टा पर्चा आणि सीलर जसाच्या तसा राहतो. ड्रिलने काम झालं असं वाटतं आणि अर्धी भिंत झाकलेलीच असते. तिथे बारीक अल्ट्रासोनिक टिप, कमी पॉवरवर, भिंतीला समांतर ठेवून, लूप्सखाली. सेट झालेला इपॉक्सी आणि बायोसिरॅमिक अशा टिपने पापुद्र्यासारखा उडतो. ड्रिलसाठी कॅनाल आणखी रुंद करून ही फट मिटवायचा मोह होतो. तो आवरा, त्यात मुळी जाते.

भिंत खरंच स्वच्छ आहे का?

नवख्यांचं इथेच चुकतं. स्वच्छ डेन्टिन मॅट, किंचित पिवळसर, कोरडं दिसतं. ज्या जागी प्रकाश चमकतो, तेलकट वाटतो, तिथे सीलर आहे. गुलाबी रेघ म्हणजे गुट्टा पर्चा. लांब एक्स्प्लोररने खरवडून पाहा: डेन्टिन करकरतं, सीलर घसरतो.

दुसरी खातरजमा आरव्हीजीवर. सगळ्या सीलरमध्ये एक्स-रेला दिसावं म्हणून काही ना काही घातलेलं असतं, बेरियम सल्फेट, कॅल्शियम टंगस्टेट, झिर्कोनियम ऑक्साइड. त्यामुळे भिंतीवर राहिलेला सीलर पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. एक चित्र सरळ आणि एक थोडं तिरक्या कोनातून काढा. लांबट कॅनालमधली फट तिरक्यातच दिसते. गुट्टा पर्चाचं वरचं टोक सपाट आहे आणि ड्रिल तिथपर्यंत पोचला आहे, हेही याच चित्रात बघा. पोस्ट आणि गुट्टा पर्चा यांच्यात रिकामी जागा ठेवायची नाही.

ज्यांना ही नजर तयार करायची आहे त्यांनी काढलेले सहा एकमुळी दात निर्जंतुक करून सलाइनमध्ये ठेवावेत. तीन झेडओईने भरा, तीन इपॉक्सीने, आठवडाभराने पोस्ट स्पेस करा, मग मुळीच्या दोन्ही बाजूंना डिस्कने चर पाडून छिन्नीने उभा चिरा. ‘स्वच्छ झालं’ म्हणून सोडलेल्या भिंतीवर किती सीलर होता, ते पहिल्याच दाताला कळतं.

धुणं, आणि हायपोची गोची

रूट कॅनाल करताना सोडियम हायपोक्लोराइट हवंच. पण पोस्ट स्पेसचं शेवटचं पाणी म्हणून हायपो वापरलं तर ते मागे ऑक्सिजन सोडतं, आणि ऑक्सिजन रेझिनच्या पॉलिमरायझेशनला तसाच अडथळा करतो जसा युजेनॉल. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. पोस्ट स्पेससाठी क्रम असा ठेवा: १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, शक्य असेल तर त्यात अल्ट्रासोनिक टिप हलवत, मग भरपूर सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर, निदान पाच मिलिलिटर, बाजूने छिद्र असलेल्या सुईने. ईडीटीए स्मिअर लेअर, म्हणजे ड्रिलच्या भुग्याचा थर, काढतं. बायोसिरॅमिकच्या अवशेषातलं कॅल्शियमही ते काही प्रमाणात पकडतं. मिनिटाचं पाच मिनिटं करू नका, डेन्टिन खरवडलं जातं.

क्लोरहेक्सिडीन दोन टक्के वापरणारे बरेच आहेत, कारण ते डेन्टिनमधली कोलॅजन खाणारी एन्झाइम रोखतं. वापरायला हरकत नाही, पण हायपोनंतर मध्ये सलाइन न घालता कधीच नाही. दोघांची गाठ पडली की नारिंगी-तपकिरी गाळ तयार होतो, आणि तो गाळ भिंतीवर नव्या सीलरसारखा बसतो. हायपो आतच राहिल्याची शंका असेल तर १० टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट काही मिनिटं ठेवून धुवा.

कोरडं करायला पेपर पॉइंट, दोन-तीन. शेवटचा पॉइंट टोकाला किंचित ओला निघाला तर ठीक. डेन्टिन करपल्यासारखं कोरडं नको. थ्री-वे सिरिंजची हवा कॅनालमध्ये मारू नका. हवा मुळीबाहेर जाण्याचा धोका आहेच, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी आणि तेल त्या हवेतून येतं. स्वच्छ आरशावर एकदा हवा मारून पाहा, तेलाचा धूसर डाग दिसतो का ते. टाकीचा ड्रेन पावसाळ्यात रोज उघडा.

सिमेंट निवडणं आणि बसवणं

सेल्फ-अधेसिव्ह सिमेंट नवख्यासाठी सोपं: एचिंग नाही, बाँडिंग नाही. इपॉक्सी सीलर असेल आणि भिंत स्वच्छ असेल तर तेच घ्या. बायोसिरॅमिक असेल तर ईडीटीए आणि यांत्रिक सफाई दुप्पट काळजीने करा, मग हे चालतं.

झेडओई असलेल्या किंवा माहीत नसलेल्या दातात एच-अँड-रिन्स पद्धत जास्त भरवशाची. कारण सरळ आहे: ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल स्मिअर लेअर विरघळवतं आणि पाण्याबरोबर वाहून नेतं, त्यात अडकलेल्या युजेनॉलसह. सेल्फ-एच बाँडिंग तो थर काढत नाही, आपल्यातच मिसळून घेतं; म्हणजे युजेनॉल थेट बाँडिंगच्या पोटात. आम्ल बारीक सुईने तळापासून वर भरत या, १५ सेकंद, तेवढाच वेळ किंवा जास्त धुवा, पेपर पॉइंटने टिपा, मग ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि रसायनानेही कडक होणारं) बाँडिंग लांब मायक्रोब्रशने. जास्तीचं बाँडिंग पेपर पॉइंटने शोषून घ्या. ते तळाशी साचून सेट झालं तर पोस्ट दोन मिलिमीटर वरच अडकतो, आणि हे कळतं तेव्हा सिमेंट आत असतं. एकाच बाटलीचं आम्लधर्मी बाँडिंग केमिकल-क्युअर सिमेंटखाली वापरू नका. त्यातलं आम्ल सिमेंटमधल्या अमाइनला निकामी करतं. त्याच कंपनीचं ड्युअल-क्युअर अ‍ॅक्टिव्हेटर असेल तर वेगळी गोष्ट.

पोस्ट: आधी कोरडा घालून लांबी पक्की करा, आरव्हीजी काढा, खूण करा. कापायचा असेल तर डायमंड बर आणि पाणी. पक्कडीने दाबून कापला तर धागे चिरडतात आणि पोस्ट आतून फाटतो. मग अल्कोहोलने पुसा, सायलेन ६० सेकंद, हवेने सुकवा, आणि आता त्याला ग्लोव्हजचं बोट लावू नका, पिनसेटने धरा. पोस्टवर कंपनीकडूनच लेप असेल तर तिचीच सूचना पाळा.

सिरिंजमधून पहिला मटारभर ऐवज पॅडवर टाकून द्या, दोन्ही नळ्यांतून सारखं येतंय ना ते बघा. लांब पातळ टिप तळापर्यंत, तिथून भरत-भरत वर, टिपचं टोक सिमेंटात बुडालेलंच ठेवून. बाहेर काढून पुन्हा घातलं की बुडबुडा. सेल्फ-अधेसिव्ह सिमेंट लेंट्युलोने, म्हणजे फिरत्या स्प्रिंगने, भरू नका. फिरण्याने ते अकाली सेट व्हायला लागतं आणि पोस्ट अर्ध्यावर अडकतो. पोस्ट हळूहळू, किंचित फिरवत खाली. जास्तीचं पुसा, ४० सेकंद लाइट थेट पोस्टच्या डोक्यावर धरून, आणि मग सिमेंटला आपलं केमिकल सेटिंग पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं द्या. खाली प्रकाश पोचलेला नाही हे विसरून लगेच कोअर कापायला बसणं म्हणजे अर्धकच्च्या जोडाला हादरे देणं. कोअर लगेच बांधा, पण क्राउनची कापाकापी दुसऱ्या दिवशी.

उन्हाळ्याचं एक वेगळंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि वीज गेलेल्या दुपारी ऑपरेटरीत चाळीस अंश असणं नवलाचं नाही. पाकिटावरचे कामाचे वेळ साधारण २३ अंशांचे असतात. त्या उकाड्यात झेडओई स्लॅबवरच घट्ट होतो आणि रेझिन सिमेंट टिपमध्येच गोठू लागतं. सकाळच्या वेळा द्या, स्लॅब थंड ठेवा, साहित्य पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल ते कामाच्या तासभर आधी बाहेर काढा. थंड सिमेंट घट्ट असतं, हळू सेट होतं आणि त्याच्यावर दव धरतं. बायोसिरॅमिकच्या तयार सिरिंजचं टोपण पावसाळ्यात क्षणभरही उघडं ठेवू नका, हवेतल्या ओलाव्यानेच टोकाशी खडा होतो.

पोस्ट सुटून आला तर

लगेच पुन्हा चिकटवू नका. आधी मुळीत चीर आहे का ते पाहा: लूप्सखाली, आणि एका जागी अरुंद खोल प्रोब जातो का ते तपासून. चीर असेल तर पोस्टचा विषयच संपला. नसेल तर क्राउन केव्हापासून हलत होता ते विचारा. कॅनाल बरेच आठवडे लाळेला उघडा राहिला असेल तर आधी रीट्रीटमेंट, आणि ती करताना सीलर इपॉक्सीचा, टोकाकडेच. थोडेच दिवस झाले असतील आणि टोकाचा गुट्टा पर्चा घट्ट असेल तर जुनं सिमेंट आणि सीलर अल्ट्रासोनिकने काढून, भिंत ताजी करून, सगळा क्रम पुन्हा, नवीन पोस्टने.

केस पेपरवर दाताच्या नंबरासमोर या गोष्टी लिहा: सीलरचं नाव आणि तारीख, तात्पुरतं भरण कोणतं, पोस्ट स्पेसची लांबी, टोकाला सोडलेला गुट्टा पर्चा, पोस्टचं माप, सिमेंट आणि बाँडिंग. त्याची एक प्रत पेशंटच्या फाइलमध्येही द्या. पुढच्या वेळी तो कदाचित भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाईल, आणि तिथल्या डॉक्टरला ‘झेडओईच असेल’ असं धरून चालावं लागणार नाही.